नॉर्दॅम्प्टनचे जोडे

इंग्लंडच्या मध्यभागातील नॉर्दॅम्प्टन शहराचा पादत्राणांच्या व्यवसायाशी असलेला ऋणानुबंध इतका दृढ आहे, की तेथील फुटबॉल संघालाही लोक ‘कॉब्लर्स’, म्हणजे जोडे शिवणारे, याच नावाने ओळखतात. याच शहरात जेम्स क्रॉकेट आणि चार्ल्स जोन्स या नात्याने मेहुणे असलेल्या दोघांनी १८७९ साली जोड्यांचा जो कारखाना काढला, त्याची मालकी पिढ्यांमागून पिढ्या लोटल्या तरी संस्थापकांच्या घराण्याकडेच राहिली आहे.

या कारखान्यात तयार होणाऱ्या पुरुषांच्या जोड्यांची खरी मातब्बरी त्यांच्या शिलाईत आहे. कातड्याचे तुकडे शिवून सिद्ध झालेला वरचा भाग कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसविला, की त्याच्या कडेने चामड्याची अरुंद पट्टी फिरवून ती पट्टी, वरचा भाग आणि आतला तळ ही तिन्ही एकत्र शिवितात. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा कालवून भरतात. आणि बाहेरचा तळ मात्र केवळ त्या पट्टीलाच शिवितात. ‘गुडइयर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या पद्धतीचे मर्म असे, की झिजलेला तळ उसवला तरी वरच्या भागाला इजा पोहोचत नाही, आणि नवा तळ चढवून तोच जोडा पुनश्च वर्षानुवर्षे वापरता येतो.

असा एक जोड तयार होण्यास सुमारे आठ आठवडे लागतात, आणि त्याची किंमतही सामान्यांच्या आवाक्याबाहेरची असते, हे खरे. तथापि दुरुस्त होऊन तो वर्षानुवर्षे टिकतो; म्हणूनच कोणतीही वस्तू खरीदताना ती दुरुस्त होऊ शकेल काय, हा प्रश्न ग्राहकाने दुकानदारास अवश्य विचारावा.