मदतनिधीचा हिशेब कसा वाचावा? : हैती आणि अमेरिकन रेड क्रॉस

आपद्ग्रस्तांसाठी निधी गोळा होऊ लागला की दात्यांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : आपण दिलेल्या रुपयातील किती पैसे गरजूंच्या हाती पडणार? उपवासकाळातील दान गोळा करणाऱ्या धर्मग्रामातील स्वयंसेवकांनाही हा प्रश्न ऐकावा लागतो आणि अब्जावधींची उलाढाल असलेल्या जागतिक संस्थांनाही. संस्था बहुधा एका टक्केवारीत उत्तर देतात व दात्याचे समाधान होते. हे उत्तर किती अपुरे असू शकते, हे हैती या कॅरिबियन राष्ट्रातील मदतकार्याने जगाला दाखवून दिले.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीला ७.० तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. तेथील महामंदिर कोसळले, आर्चबिशप जोसेफ सर्ज मिओ मृत्युमुखी पडले. मृतांच्या आकड्याविषयी आजही मतभेद आहेत, परंतु शासनाचा अंदाज दोन लाखांहून अधिक होता. बेघरांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला आणि त्यातील सर्वांत मोठ्या निधींपैकी एक अमेरिकन रेड क्रॉसकडे जमा झाला : सुमारे ४८ कोटी ८० लाख डॉलर. भ्रमणध्वनीवरून एक लघुसंदेश पाठवून १० डॉलर देण्याची सोय होती. केवळ या मार्गाने तीन कोटींहून अधिक डॉलर आले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'रेड क्रॉस' ही एकच एक संस्था नव्हे. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय समिती १८६३ सालची, राष्ट्रीय संस्थांचा महासंघ वेगळा आणि प्रत्येक देशाची संस्थाही वेगळी. आपली इंडियन रेड क्रॉस सोसायटी १९२०च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. पुढील हिशेब अमेरिकन संस्थेचा आहे. त्यावरून इतरांचा न्याय करणे योग्य होणार नाही.

'डॉलरमागे ९१ सेंट आमच्या सेवाकार्यावर खर्च होतात', असे ही संस्था आणि तिच्या प्रमुख गेल मॅक्गव्हर्न वारंवार सांगत. ऐकायला उत्तमच! परंतु 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने आणि 'एनपीआर' या सार्वजनिक नभोवाणीने २०१४ मध्ये हा दावा तपासला, तेव्हा गोम कळली. या संस्थेच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग रक्तसंकलनाचा आहे. ती रक्त गोळा करते, त्यावर प्रक्रिया करते आणि रुग्णालयांकडून त्याचे मूल्य घेते. हा सारा व्यवहार 'सेवाकार्य' म्हणून एकूण खर्चात धरला की इतर खर्चाचे प्रमाण आपोआप लहान दिसते. दान म्हणून आलेल्या डॉलरपुरते पाहिले, तर केवळ निधी उभारण्याचाच खर्च काही वर्षी २६ सेंटपर्यंत गेला होता. विचारणा झाल्यावर संस्थेने ते विधान आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. कोणी पैसे खिशात घातले, असा आरोप येथे नव्हता. भागाकार कशाने करायचा, एवढाच प्रश्न होता.

जून २०१५ मध्ये याच दोन माध्यमांनी हैतीविषयीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १,३०,००० हून अधिक लोकांना घरे दिल्याचा संस्थेचा दावा होता. प्रत्यक्षात तिने बांधलेली कायमस्वरूपी घरे सहा निघाली. मग हा आकडा आला कोठून? तात्पुरत्या निवाऱ्यात गेलेले, काही काळ घरभाड्यासाठी साहाय्य मिळालेले, इतकेच नव्हे तर घराची दुरुस्ती कशी करावी याचे प्रशिक्षण घेतलेले लोकही त्यात मोजले होते. प्रशिक्षण निरुपयोगी असते असे नाही. मात्र ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही, त्याचे नाव 'घर मिळालेल्यां'च्या यादीत घालणे हा हिशेब प्रामाणिक म्हणता येत नाही. संस्थेने ४५ लाख हैतीवासीयांना साहाय्य केल्याचेही सांगितले होते. देशाची लोकसंख्या सुमारे एक कोटी! भूकंपाच्या वेळी पंतप्रधान असलेले जाँ-मॅक्स बेलरीव्ह यांनाही ही संख्या पटली नाही.

संस्थेची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. हैतीत जमिनीच्या मालकीची कागदपत्रे अनेकदा नसतात, एकाच तुकड्यावर अनेकांचे दावे असतात. अशा ठिकाणी पक्के घर बांधून ते कोणाच्या नावे करायचे? ही अडचण सर्वच संस्थांना भेडसावली. शिवाय पहिल्या काही महिन्यांत अन्न, पाणी आणि ताडपत्र्यांनी असंख्य जीव तगले, हे नाकारता येत नाही. तरीही इतर काही संस्थांनी याच देशात कायमस्वरूपी घरे उभारली. राजधानीच्या डोंगरउतारावरील कँपेश वस्तीत मात्र अमेरिकन रेड क्रॉसने शेकडो घरांची योजना आखली आणि तेथे एकही घर उभे राहिले नाही.

पैसा कोठे झिरपतो, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन रेड क्रॉसपाशी स्वतःची पुरेशी स्थानिक यंत्रणा नव्हती. म्हणून निधीचा मोठा भाग इतर संस्थांकडे वळवण्यात आला. देणारी संस्था आपले नऊ टक्के कापून घेई, घेणारी संस्था पुन्हा आपला व्यवस्थापनखर्च वजा करी. घरभाड्याच्या ६० लाख डॉलरच्या एका योजनेत महासंघाने असे २६ टक्के घेतले. स्विस आणि स्पॅनिश रेड क्रॉसने राबवलेल्या दुसऱ्या एका प्रकल्पात अमेरिकन संस्थेने नऊ टक्क्यांखेरीज 'देखरेखीचा खर्च' म्हणून आणखी २४ टक्के लावले. प्रत्येकीचा ताळेबंद स्वतंत्रपणे पाहिला तर टक्केवारी वाजवीच दिसेल. गळती सांध्यांमध्ये आहे. यात माणसांच्या वेतनाची विषमताही आली. एका प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात परदेशी अधिकाऱ्याच्या केवळ निवास, प्रवास आदी भत्त्यांसाठी १,४०,००० डॉलर होते. सर्वोच्च पदावरील हैतीयन अभियंत्याला वर्षाला ४२,००० डॉलर.

अमेरिकेचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी पुढे वर्षभर चौकशी केली. जून २०१६ मधील त्यांच्या अहवालानुसार हैतीसाठीच्या निधीपैकी सुमारे २५ टक्के, म्हणजे जवळजवळ १२ कोटी ४० लाख डॉलर, निधी-उभारणी, व्यवस्थापन आणि देखरेख यांवर खर्च झाले होते. गैरप्रकारांची तपासणी करणारा संस्थेचा अंतर्गत विभाग अगदीच अपुऱ्या मनुष्यबळावर चालत होता, हेही त्यात नमूद आहे. संस्थेने निष्कर्ष अमान्य केले. मला स्वतःला या २५ टक्क्यांपेक्षा दुसरी गोष्ट अधिक खटकते : अमेरिकी संसदेचे लेखापरीक्षण कार्यालय संस्थेच्या कामाची पाहणी करीत असताना, २०१४ मध्ये मॅक्गव्हर्न यांनी ती चौकशीच थांबवावी अशी विनंती एका लोकप्रतिनिधीला केली होती.

खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, हे समीकरण आता मूल्यमापन करणाऱ्यांनीही सोडले आहे. २०१३ मध्ये 'गाइडस्टार', 'चॅरिटी नॅव्हिगेटर' आणि 'वाइज गिव्हिंग अलायन्स' यांनी दात्यांना संयुक्त अनावृत पत्र लिहून केवळ प्रशासकीय खर्चावरून संस्था जोखू नका, असे कळवले. लेखापाल, अभियंता, तपासनीस यांचे वेतन वाचवून काम चांगले होत नाही. हैतीत कमी पडली ती नेमकी अशी अनुभवी माणसे.

आपल्या कॅथोलिक संस्थांचाही येथे उल्लेख व्हायला हवा. 'कारितास इंटरनॅशनालिस' या जागतिक महासंघाचे संपूर्ण नेतृत्व पोप फ्रान्सिस यांनी २२ नोव्हेंबर २०२२ रोजी पदमुक्त केले आणि पिएर-फ्रांचेस्को पिनेल्ली यांना हंगामी प्रशासक नेमले. त्यापूर्वीच्या स्वतंत्र पाहणीत आर्थिक अपहाराचा पुरावा आढळला नव्हता; व्यवस्थापनातील उणिवा आणि त्यामुळे खालावलेले कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य ही कारणे होती. मे २०२३ मध्ये महासभेने नवे नेतृत्व निवडले. हिशेब स्वच्छ असूनही कारभार सदोष असू शकतो, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ते मान्य करून पावले उचलली, ही या घटनेतील जमेची बाजू.

भारतात विदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि असा निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यास मनाई केली. हैतीतील सांध्यांची गळती यामुळे बंद होते खरी. परंतु दुर्गम भागातील लहान संस्थांना मोठ्या संस्थांमार्फत मिळणारा विदेशी पैसाही त्यासोबत आटला. जुलै २०२२ मध्ये गृहमंत्रालयाने अशा संस्थांची वार्षिक विवरणपत्रे आपल्या संकेतस्थळावरून काढल्यामुळे दात्याला आता संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या लेखापरीक्षित हिशेबावरच अधिक विसंबावे लागते. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांचे ताळेबंद आणि जमाखर्चपत्रके दरवर्षी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जातात. ती वाचताना अखेरची टक्केवारी शोधण्यापूर्वी शेवटच्या पानांवरील बारीक अक्षरांतील टिपा पाहाव्यात : निधी दुसऱ्या कोणाकडे दिला काय, विशिष्ट आपत्तीसाठी आलेली रक्कम सर्वसाधारण निधीत वळवली काय, आणि 'लाभार्थी' म्हणून नेमके कोणाला मोजले.