पुलाखालचा माणूस आणि त्याचा कुत्रा

आपल्यातल्या कितीतरी जणी भाजीच्या, फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेची लोकल पकडतात. वसई रोड असो, नालासोपारा असो की विरार, स्टेशनबाहेर पुलाखाली गोधडीत कुणीतरी झोपलेलं असतं आणि पायाशी कुत्रा. आपण वळसा घालून पुढे जातो. आज त्या दोघांविषयी बोलू या.

उघड्यावर झोपणाऱ्याला दार नाही, कडी नाही. रात्री पिशवी चोरीला जाते, कुणी मारायला येतं. बाई असेल तर धोका आणखी मोठा. अशा वेळी कुत्र्याचं भुंकणं हीच तिची कडी. थंडीत त्याची ऊब मिळते. दिवसभर जिला कुणी हाक मारत नाही, तिची वाट पाहणारा तो एकच जीव असतो.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 10 हजार बेघर माणसं मोजली गेली. शहरातल्या बेघरांसाठी सरकारने निवाऱ्याची योजना आणली. 1 लाख वस्तीमागे एक निवारा, असं तिचं प्रमाण ठरलं. त्याच जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती 12 लाखांवर होती, म्हणजे हिशेबाने बारा निवारे हवेत. पण निवाऱ्यात जागा मिळाली, तरी कुत्र्याचं काय? त्याला बाहेर सोडून आत जायला माणूस तयार होत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे. पण पुराचं पाणी चढत असताना गोठ्यातली गाय सोडून निघायला आपला तरी पाय उचलतो का?

आता कायद्याचं पाहू. 2023च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. अशा कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते. मात्र 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले भटके कुत्रे हलवून निवारा केंद्रात ठेवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. स्टेशनच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसाचा सोबती त्यामुळे एका दिवसात जाऊ शकतो.

लोकांची भीतीही खोटी नाही. रेबीज झाला की माणूस बहुतेक वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि सगळी इंजेक्शनं पुरी करा.

मग बचत गटाने काय करावं? आधी त्या माणसाशी बोला, कुत्र्याचं नाव विचारा. महापालिकेकडे किंवा जनावरांच्या दवाखान्यात लसीची चौकशी करा. दरवर्षी लस द्या, तिचा कागद जपा, गळ्यात पट्टा बांधा. पट्ट्याने कायद्याचं संरक्षण मिळतंच असं नाही, पण कुत्र्याला माणूस आहे हे दिसतं. इंग्लंडमध्ये 2016 साली दोन पशुवैद्यांनी रस्त्यावर जाऊन बेघरांच्या कुत्र्यांवर फुकट उपचार सुरू केले. तेच काम पुढे 'स्ट्रीटव्हेट' म्हणून वाढलं.

आपल्याला तर नामदेवांची गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. कुत्रा पोळी घेऊन पळाला, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आपण निदान लसीसाठी धावू या. त्या एका टोचणीने माणूस, कुत्रा आणि शेजारून जाणारी आपली लेकरं, तिघांचंही भलं होईल.