नियामक टी-पेशींचे पेशी-वर्गीकरण

नियामक टी-पेशींचे पेशी-वर्गीकरण ही नियामक टी-पेशी इतर पेशींपासून जिवंत अवस्थेत वेगळ्या काढण्याची प्रयोगशाळेतील पद्धत आहे. प्रतिकारशक्ती शरीराच्या स्वतःच्या ऊतींवर उलटू नये, यासाठी या पेशी इतर टी-पेशींना आवर घालतात. स्वयंप्रतिकार रोगात नियामक पेशी संख्येने कमी पडतात, दुबळ्या होतात, की इतर पेशी त्यांना जुमानत नाहीत, हे तपासण्यासाठी ही पद्धत वापरतात.

पेशींची ओळख

१९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी उंदरांतील या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असल्याचे दाखवले. त्यांच्या जडणघडणीस फॉक्सपी३ हे जनुक आवश्यक असल्याचे २००३ मध्ये स्पष्ट झाले. या शोधांसाठी साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फॉक्सपी३ प्रथिन पेशीकेंद्रकात असते आणि ते रंगवताना पेशी मरते. त्यामुळे जिवंत मानवी पेशी पृष्ठभागावरील खुणांवरून निवडतात : सीडी४ असलेल्या, सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी असलेल्या. सक्रिय झालेल्या साध्या टी-पेशींवरही सीडी२५ येते. रुग्णांमध्ये अशा पेशी अधिक असू शकतात. त्या नमुन्यात मिसळल्यास नियामक पेशी दुबळ्या असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

कार्यपद्धती

चकाकणारे रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे पेशींना चिकटतात. पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून जातात. हव्या त्या पेशीचा थेंब विद्युतभारित करून वेगळ्या नळीत वळवला जातो.

दमन चाचणी

वेगळ्या केलेल्या नियामक पेशी सीएफएसई या द्रव्याने रंगवलेल्या साध्या टी-पेशींसोबत वाढवतात. साध्या पेशीच्या प्रत्येक विभाजनाला तिचा रंग निम्मा होतो, त्यावरून दमन मोजता येते. रुग्णाच्या नियामक पेशी निरोगी व्यक्तीच्या साध्या पेशींसोबत आणि याउलटही ठेवल्यास दोष कोणत्या बाजूला आहे, हे समजते. २००४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांमध्ये नियामक पेशींची संख्या घटलेली नव्हती, दमनक्षमता मात्र घटलेली आढळली.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने सांधेदाह निर्माण केलेल्या उंदरांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरल्यूकिन-३ दिल्यावर सांधेदाहाची तीव्रता कमी झाली आणि थायमस, लसीका ग्रंथी व प्लीहा यांतील नियामक पेशींची घट भरून निघाली. इंटरल्यूकिन-३ मुळे वाढलेल्या नियामक पेशी इतर टी-पेशींची वाढ रोखतात, हेही दिसून आले. ही वाढ थेट नसून नियामक नसलेल्या पेशींनी स्रवलेल्या इंटरल्यूकिन-२ मार्फत होते.