सव्वासहा फुटी ड्रायव्हर, वीतभर गाडी

आळेफाट्यावरून सुटणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये जो एकदा बसला, त्याला मोटारीतल्या जागेचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. मागे आठ, मधे पाच, पुढे चार आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराला चिकटून आणखी एक. ड्रायव्हर बिचारा अर्ध्या मांडीवर तिरका बसतो, दोघांच्या फटीतून हात घालून स्टिअरिंग धरतो, आणि वर म्हणतो, "सरका की जरा, अजून एक येतंय."

आज मात्र गोष्ट उलटी आहे. गाडीत माणूस एकच, पण तोच मावत नाही. गाडी बुटकी, दोन सीटची, जुन्या नामांकित स्पोर्ट्स कारची नक्कल. आणि माणूस सव्वासहा फुटी.

नक्कल का? कारण अस्सल गाडी परवडत नाही. जगात सर्वात जास्त नकला झाल्या त्या दोन गाड्यांच्या: १९५७ची लोटस सेव्हन आणि १९६२ची एसी कोब्रा. गंमत अशी, की नक्कल जितकी इमानदार, तितकी मूळ गाडीतली अडचणही हुबेहूब उतरते. सेव्हनमध्ये शिरण्याची रीतच बघा. दार नावापुरतं, काही गाड्यांना तेही नाही. आधी एक पाय उचलून थेट सीटवर ठेवायचा, मग दुसरा. दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि पाय पुढच्या बोगद्यात सरकवत, श्वास रोखून, हळूहळू खाली बसायचं. थोडक्यात, चुडीदार चढवावा तशी ही गाडी चढवायची. आत गेल्यावर कळतं की तिन्ही पॅडल इतकी जवळजवळ आहेत, की रुंद बुटाने ब्रेक दाबला तर ॲक्सिलरेटरही दाबला जातो. म्हणून हौशी लोक गाडीत खास निमुळते बूट ठेवतात.

सेव्हनचे हक्क १९७३ साली केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे तिनेच उंच-आडव्या गिऱ्हाइकांसाठी सुमारे ११ सेंटिमीटर जास्त रुंद चासी काढली. अकरा सेंटिमीटर म्हणजे हाताच्या पंजाची रुंदी. तेवढ्याने माणूस सुखावतो!

पहिला ठिपका खुब्याचा

चाकण आमच्या जुन्नर-आंबेगावच्या शेजारच्या खेड तालुक्यात. फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज सगळ्यांचे कारखाने तिथे. तिथून मंचर, नारायणगाव करत पुणे-नाशिक रस्त्याने दुसऱ्या टोकाला जा, नाशिकला थार तयार होते. या रस्त्यावर राहून गाडीची रचना कशी होते हे ठाऊक नसणं म्हणजे ओझरला राहून विघ्नहराचं दर्शन न घेण्यासारखं. तर ऐका. गाडीचा आराखडा करताना माणसाच्या संदर्भातला पहिला ठिपका डोक्याचा नसतो, खुब्याचा असतो. त्याला एच-पॉइंट म्हणतात. माणूस कुठे बसणार ते ठरलं, की मग गुडघे, हात, डोळे आणि डोकं कुठे येणार हे आपोआप ठरतं. उंच माणसाची तक्रार टपाची असली, तरी तिचं मूळ बुडाखाली असतं.

साधारण रिवाज असा, की शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांना जागा पुरली पाहिजे. उरलेल्या पाचांनी आपलं बघून घ्यावं. भारतीय अंगाची मापं युरोपच्या तक्त्यावरून का काढायची, म्हणून अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ साली देवकुमार चक्रवर्तींचं भारतीय मापांचं पुस्तक काढलं. अजूनही ते डिझायनरांच्या टेबलावर दिसतं.

आणि उंच माणसं दोन जातींची. एक लांब पायांची, दुसरी लांब धडाची. दोघांची उंची सारखीच, गाडीतलं दुखणं वेगळं. पहिल्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. त्याला लहान व्यासाचं किंवा काढून बाजूला ठेवता येणारं स्टिअरिंग द्यायचं, पॅडल पुढे सरकवायची. दुसऱ्याचं डोकं टपाला लागतं. उघडी गाडी असेल तर त्याहून वाईट: काचेची वरची पट्टी बरोब्बर डोळ्यांसमोर येते, म्हणजे रस्ता एकतर पट्टीच्या खालून बघायचा नाहीतर वरून. याचा सर्वात स्वस्त उपाय मंचरचा कोणताही कुशनवाला करून देईल. सीटचं रेक्झिन उसवायचं, फोम सुरीने कापायचा, परत शिवायचं. माझदा एमएक्स-५च्या उंच मालकांनी हाच उद्योग इतका केला, की इंग्रजीत त्या 'शस्त्रक्रिये'ला खास नाव पडलं. फोम कापून भागलं नाही तर सीटच्या सरकपट्ट्या काढून सीट थेट तळाला बोल्ट करायची. तेही पुरलं नाही तर तळाचा पत्राच कापून खाली खोलगट करायचा. मग मात्र गतिरोधक आला की आधी आपलं बूड आठवायचं.

ट्रॅकवर उघडी गाडी न्यायची तर आणखी एक परीक्षा असते, आणि तिला लागते झाडूची काठी. खरंच! डोक्यामागची लोखंडी कमान आणि काचेची वरची कड यांच्यावर काठी आडवी ठेवतात. हेल्मेट काठीला लागलं, तर घरी जा. गाडी उलटली तर आधी काय जमिनीला लागेल, हे काठी सांगते.

टपाला टेंगूळ

या प्रकरणातला माझा सर्वात लाडका माणूस म्हणजे डॅन गर्नी. सहा फूट चार इंच उंच. १९६७ साली ल मां या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याला फोर्डची मार्क फोर चालवायची होती. ही ज्या घराण्यातली गाडी, त्या जीटी४० च्या नावातले ४० म्हणजे तिची इंचांतली उंची. एक मीटर आणि वर बोटभर! सोयाबीनच्या रानात टप दिसेल, उसाच्या फडात गाडीच हरवेल. हेल्मेट घातलेला गर्नी आत बसेना. मग माणूस बदलण्याऐवजी फोर्डवाल्यांनी टप बदलला. गर्नीच्या डोक्यावर टपाला चक्क एक टेंगूळ काढलं. गर्नी आणि ए. जे. फॉइट ती शर्यत जिंकले. विजयाच्या मंचावर गर्नीने शॅम्पेनची बाटली हलवून सगळ्यांवर फवारली आणि तेव्हापासून ती प्रथाच पडली. ते टेंगूळ आजही 'गर्नी बबल' म्हणून ओळखलं जातं, आणि नकला करणारे ते इमाने इतबारे बनवतात, मालक पाच फुटी असला तरी.

उलट फॉर्म्युला वनमध्ये गाडी बदलत नाही, माणूस आवळतो. २०२० साली साखीरच्या शर्यतीत जॉर्ज रसेलला ऐनवेळी मर्सिडीजमध्ये बसवलं. पठ्ठ्या सहा फुटांच्या वर. पाय पुढे मावेनात म्हणून एक नंबर लहान बूट घालून शर्यत पळाला. उंच म्हणजे जड, म्हणून पूर्वी असे ड्रायव्हर जेवण तोडायचे. २०१९ साली ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलोंचा नियम आला, तेव्हा कुठे त्यांना पोटभर खाता आलं.

आपल्याकडे डिझायनर दिलीप छाब्रियांची अवंती ही स्पोर्ट्स कार २०१२च्या ऑटो एक्स्पोत आली. इंजिन सीटच्या पाठीमागे. अशा गाडीत उंच माणसाचं खरं मरण हेच: सीट मागे सरकवावी तर पाठीला इंजिनाची भिंत. नॅनोचंही इंजिन मागेच, पण तिथे माणूस ताठ बसवला. जेमतेम ३.१ मीटर लांब, पण १.६५ मीटर उंच. मारुती ८०० पेक्षा बाहेरून ८ टक्के लहान, आतून २१ टक्के मोठी, असं टाटांनी २००८ साली सांगितलं होतं. स्पोर्ट्स कारवाल्यांनी नॅनोला हसावं, पण फेटा बांधून कोणत्या गाडीत बसता येतं तेही सांगावं.

आणि पील पी५० नावाची चिमुकली मोटार? लांबी १३७ सेंटिमीटर. रिव्हर्स गिअर नाही; मागच्या कडीला धरून हाताने फिरवायची. २००७ साली साडेसहा फुटांना टेकलेला टीव्ही-निवेदक जेरेमी क्लार्कसन त्यात घडी होऊन बसला आणि बीबीसीच्या कचेरीत गाडी घेऊन हिंडला.

घरी गाडी बनवण्याचा एक मोठा फायदा: शिंप्याला द्यावं तसं स्वतःचं माप देता येतं. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तकच लिहिलं. त्यावरून जगभर लोकांनी आपापल्या ढेरीच्या मापाने सांगाडे वेल्डिंग केले. आपल्याकडे हौस कमी नाही, आरटीओ कडक आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव) एका कारागिराने भंगारातून छोटी जीप केली होती, बाइकसारखी किक मारून चालू होणारी. २०२१च्या शेवटी आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, असं स्पष्ट सांगून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कारागिराने ती घेतलीही.

आमच्या तालुक्याचा तोडगा

राहता राहिली जुन्नर-आंबेगावची खरी स्पोर्ट्स गाडी, म्हणजे शर्यतीचा बैलगाडा. दोन चाकं, चार बैल, अंगाने अगदी हलकी, आणि अख्खा घाट, म्हणजे शर्यतीची चढण, सेकंदांत चढणारी. २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने तिला ब्रेक लावला, डिसेंबर २०२१ला सशर्त मोकळं केलं, आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींनी शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. आता यात्रेच्या दिवसांत घाट पुन्हा भरतात.

सांगली-साताऱ्याकडे गाडीत गाडीवान असतो. आमच्याकडच्या घाटात पुढे घोडी पळते, तिच्यामागे चार बैल, बैलांमागे गाडा. भंडारा उडतो, माइकवर सेकंद पुकारले जातात. आणि गाड्यावर कोणीच नसतं.