नळी बसवल्यानंतरची जोखीम

अतिदक्षता विभागातल्या गंभीर आजारी मुलाला हाताच्या बारीक शिरेतली सलाईनची सुई पुरत नाही. रक्तदाब सावरणारी जहाल औषधं मोठ्या शिरेतून देणं अधिक सुरक्षित असतं. म्हणून मानेतून किंवा जांघेतून ‘सेंट्रल लाइन’ नावाची नळी बसवतात. जीव वाचवणारी हीच नळी जंतूंना थेट रक्तात शिरायची वाटही देते.

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या 103 अतिदक्षता विभागांचा अभ्यास 2006मध्ये प्रसिद्ध झाला. हात धुणं, पूर्ण निर्जंतुक पोशाख व चादर, क्लोरहेक्सिडिननं त्वचा पुसणं, जांघेची शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं, एवढ्या पाच गोष्टींनी तिथला संसर्ग झपाट्यानं घटला. पण हे रुग्ण मुख्यतः प्रौढ होते.

मुलांचं गणित वेगळं निघालं. अमेरिकेतल्याच 29 बाल अतिदक्षता विभागांच्या 2010मधल्या अभ्यासात संसर्गाचं प्रमाण 5.4वरून 3.1वर आलं. हे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे मोजतात. शंभर मुलांना दहा-दहा दिवस नळी असेल, तर हजार नळी-दिवस होतात. घट मुख्यतः नळी बसवतानाच्या दक्षतेशी नव्हे, तर तिच्या रोजच्या निगेशी जोडलेली दिसली.

याचं कारण नळीच्या तोंडाशी सापडतं. सुरुवातीला त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरून आत सरकतात. पुढे औषध देताना किंवा रक्त काढताना तोंड हाताळलं, की ते आतल्या पोकळीत शिरतात. तिथं ते चिकट थर बांधतात. त्या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव फार कमी पडतो.

नळी जितके दिवस राहील, तितकी जोखीम साठत जाते. शिरेतून दिलं जाणारं पोषण, वारंवार रक्त चढवणं, पांढऱ्या पेशींची कमतरता, अगदी लहान वय यांचाही संबंध आढळतो. मात्र यातली प्रत्येक गोष्ट संसर्गाचं थेट कारण असेलच असं नाही. जे मूल जास्त आजारी, त्यालाच नळी जास्त दिवस लागते आणि रक्तही जास्त वेळा द्यावं लागतं.

आजाराची तीव्रता डॉक्टरांच्या हातात नसते, हाताळणी असते. चाचण्यांचं रक्त शक्यतो एकदाच घेणं, दर वेळी नळीचं तोंड घासून पुसणं, ओलं किंवा सुटलेलं ड्रेसिंग लगेच बदलणं यानं जोखीम घटते. आणि रोजच्या राउंडला ‘ही नळी आज हवीच का?’ हे विचारायलाच हवं. पालकांनीही ते विचारायला संकोचू नये.