श्रीलंकेत पावसाळे दोन आहेत

श्रीलंकेच्या सहलीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, ‘जून-जुलैत कुठे श्रीलंकेला जाताय? तिथे पाऊस आपल्याही आधी येतो!’ मग माणूस सहल डिसेंबरवर ढकलतो आणि नेमकं त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर हॉटेल घेतो. तिथे खवळलेला समुद्र आणि पाऊस पदरी पडला की दोष नशिबाला. यात नशिबाचा काही संबंध नाही. साऱ्या बेटाला एकच पावसाळा असतो, या समजुतीमुळे हे घडतं. सहली विकणारेही ती न तपासता पुढे सांगत राहतात, याची खरोखर चीड येते.

श्रीलंकेचं हवामान खातं वर्षाचे चार भाग करतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी काळ, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी काळ आणि या दोहोंच्या मधले मार्च-एप्रिल व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आंतरमोसमी काळ. म्हणजे पावसाळे दोन, आणि तेही समोरासमोरच्या दिशांनी येणारे. त्यांच्या वाटेत बेटाच्या मध्य-दक्षिण भागातले डोंगर आहेत. त्यांतलं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला, 2524 मीटर.

मे महिन्यात नैर्ऋत्येकडून आलेले वारे या डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पाणी ओततात. तिथे काही ठिकाणी वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडताना वाऱ्यातलं बाष्प सरतं. पूर्वेला उतरतो तो कोरडा, गरम वारा. बट्टिकलोआकडे त्याला ‘कच्चन’ म्हणतात. महाबळेश्वर चिंब असताना माण तालुका कोरडा का राहतो, हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. वारे तेच आणि कारणही तेच.

म्हणून जून ते ऑगस्टमध्ये दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंटोटा, हिक्काडुवा, मिरिसा इथला समुद्र खवळलेला असतो. तिथे लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका. त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावरच्या निलावेली, पासिकुडा आणि अरुगम बे इथे मात्र ऊन असतं. अरुगम बेचा सर्फिंगचा मुख्य हंगाम याच महिन्यांतला. मिन्नेरियाच्या तलावाचं पाणी ओसरून हिरवं गवत उघडं पडतं आणि जुलै ते सप्टेंबरदरम्यान तिथे हत्तींचे मोठे कळप जमतात. कँडीचा प्रसिद्ध पेराहेरा उत्सवही जुलै-ऑगस्टमधलाच. हे सगळं ‘ऑफ सीझन’ म्हणून गमवायचं का?

डिसेंबरपासून चित्र उलटतं. ईशान्य वारे पूर्व आणि उत्तर किनारा भिजवतात. दक्षिण-पश्चिम किनारा निवांत होतो. श्रीपाद या पवित्र शिखराची यात्राही डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होऊन मेमधल्या वेसाक पौर्णिमेपर्यंत चालते. तिथल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. शेतकऱ्यांचे ‘महा’ आणि ‘यला’ हे दोन हंगाम या दोन पावसांवर बेतलेले आहेत, आणि पश्चिमेचे अनेक मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या मोसम बदलला की पूर्व किनाऱ्यावर मुक्काम हलवत आले आहेत.

मराठी कुटुंबांनी खरी काळजी दिवाळीच्या सुट्टीची करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळीकडे दुपारनंतर विजांसह पाऊस होतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने पूर आणि दरडींत शेकडो बळी घेतले. या दिवसांत जायचं असेल तर डोंगराळ भागाचा कार्यक्रम सैल ठेवा आणि दरडींचे इशारे रोज पाहा.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘छोटंसं बेट आहे, तीन दिवसांत होतं.’ क्षेत्रफळ सुमारे 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून थोडं जास्त, आणि डोंगरातले रस्ते वळणांचे. कोलंबो-कँडी हे सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतरही तीन-चार तास खातं.

‘मलेरियाचा धोका आहे.’ जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2016 मध्ये श्रीलंकेला मलेरियामुक्त जाहीर केलं. डेंग्यू मात्र आहे. दिवसाही डासांपासून जपा.

‘शेजारचाच देश, व्हिसाबिसा काही लागत नाही.’ पासपोर्ट लागतो आणि प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगीही, म्हणजे ईटीए. शुल्काचे नियम बदलतात, म्हणून ते फक्त सरकारी संकेतस्थळावरच पाहा.

‘आपले रुपये चालतात.’ रोजचा व्यवहार श्रीलंकन रुपयांत होतो. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, तरी गावांत रोख रक्कम हवीच.

‘आपलं लायसन्स पुरतं.’ नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही. तिथली मान्यता घ्यावी लागते.

‘भाजीची आमटी म्हणजे शाकाहारी.’ उंबलकड या सुक्या माशाचा चुरा भाज्यांत आणि खोबऱ्याच्या सांबोलातही पडतो. प्रत्येक ठिकाणी विचारा.

‘मूर्तीसोबत फोटो काढला तर काय बिघडतं?’ बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा तिथे अनादर मानला जातो. दर पौर्णिमेला पोया असतो. सार्वजनिक सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद राहते.

तेव्हा ‘श्रीलंकेला कधी जावं’ हा प्रश्नच अपुरा आहे. महिना आधी ठरला असेल तर किनारा त्याप्रमाणे निवडा. किनारा ठरला असेल तर महिना बदला. आणि कोणी ‘सीझन नाही’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: कोणत्या किनाऱ्याचा?