मनाचा आजार लपवण्याची किंमत

आपल्या मराठीत काही गावांची नावे उगाचच बदनाम झाली आहेत. कुणी जरा विचित्र वागले की 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्यात जागा आहे का बघा' असे आपण सहज बोलून जातो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यावरून ही थट्टा. चारचौघे हसतात आणि विषय संपतो. पण त्या चारचौघांत एखादा असा असतो की ज्याला महिनाभर रात्रीची झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच मन लागत नाही. तो त्याच क्षणी मनाशी ठरवतो, आपले हे कुणाला सांगायचे नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात ताप, दमा, मधुमेह, रक्तदाब असे आजार पाहणारा डॉक्टर आहे. तरीही मनाचे आजार मला रोज दिसतात, कारण आपल्याकडे ते बहुधा शरीराचे नाव घेऊन ओपीडीत येतात. छातीत धडधडते, डोक्यावर कुणी दगड ठेवल्यासारखे वाटते, हातापायांना मुंग्या येतात, गॅस होतो, अंगात ताकदच राहिली नाही. ईसीजी, रक्त, सोनोग्राफी सगळे ठीक येते. मग केसपेपरवर मानसोपचार विभागाचे नाव लिहिले की चेहरा उतरतो. 'डॉक्टर, मी काय वेडी आहे का?' सोबतचा माणूस म्हणतो, 'त्यापेक्षा एक सलाईन लावा, ताकदीचं इंजेक्शन द्या.' अनेक जण तो कागद घेऊन दोन दालने पलीकडे जाण्याऐवजी सरळ एसटी स्टँड गाठतात.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०० प्रौढांपैकी दहा ते अकरा जणांना त्या वेळी एखादा मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. डॉक्टरांची कमतरता हे त्याचे एक कारण आहेच. पण जिथे डॉक्टर आहे, औषध फुकट आहे, तिथेही माणूस दारातून परत जातो, त्याचे कारण लाज हे आहे.

'चुकून प्यायला'

या लाजेची सर्वात मोठी किंमत आमच्या वॉर्डात दिसते. कीटकनाशक घेतलेला तरुण रात्री आणला जातो. नातेवाईक सांगतात, 'खोकल्याचं औषध समजून चुकून प्यायला.' पोलिसांची भीती, गावात होणारी चर्चा, घरात लग्नाची बहीण. जीव वाचवण्याचे उपचार आम्ही करतो. आठ-दहा दिवसांनी रुग्ण उठून बसतो आणि घरचे घाई करतात, 'आता बरा आहे, सोडा.' विष शरीरातून उतरलेले असते. ज्या नैराश्याने वा व्यसनाने ती बाटली हातात दिली, ते मात्र तसेच घरी परत जाते. आत्महत्येचा एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुन्हा तसे करण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय त्याला घरी नेऊ नये.

कायद्याची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा उरलेलाच नाही. तेव्हा डॉक्टरला खरे सांगा.

'मरावेसे वाटते का, असे विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेले खूळ शिरेल,' हाही एक पक्का गैरसमज आहे. विचारल्याने खूळ शिरत नाही. शांतपणे, एकांतात विचारले तर बहुतेकांना उलट मोकळे वाटते, कारण तोवर ते ओझे त्यांनी एकट्याने वाहिलेले असते.

लग्न हे औषध नाही

'लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल' हा सल्ला आजही दिला जातो. घडते असे की उपचारांनी व्यवस्थित झालेली मुलगी लग्नाच्या आठवडाभर आधी गोळ्या बंद करते, किंवा तिला बंद करायला लावतात. बॅगेत सापडल्या तर काय सांगायचे? त्यात लग्नघरातली धावपळ आणि जागरणे. काही प्रकारच्या मनोविकारांत झोप मोडणे हेच आजार उलटायला पुरेसे असते. सासरी महिना-दोन महिन्यांत आजार उफाळतो आणि मग 'आम्हाला फसवले' म्हणून तिला माहेरी आणून सोडतात. बाळंतपणानंतरचा काळही अशा बाईसाठी जपण्याचा असतो. आजार असलेल्यांची लग्ने होतात, संसारही चांगले चालतात. फक्त दोन्हीकडे आजार माहीत हवा आणि गोळी उघडपणे घेता यायला हवी.

गोळ्या आणि 'शॉक'

'या सगळ्या झोपेच्या गोळ्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत.' यात अर्धे खरे आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. त्या डॉक्टरी सल्ल्याने, थोडे दिवसच घ्यायच्या असतात. गंमत म्हणजे मानसोपचाराच्या नावाने घाबरणारी मंडळी नेमक्या याच गोळ्या मेडिकल दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेतात! नैराश्यावरच्या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये, आणि बरे वाटले म्हणूनही मनाने सोडू नये. साधारणपणे बरे वाटू लागल्यावरही सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते आणि मग हळूहळू कमी करत थांबवतात.

विजेच्या उपचारांची भीती बव्हंशी सिनेमाने दिलेली आहे. आज हा उपचार भूल देऊन, स्नायू सैल करणारे औषध देऊन केला जातो. त्याशिवाय तो करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तीव्र नैराश्यात, रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल तर तो जीव वाचवतो.

'मनोरुग्ण अंगावर धावून येतात' हाही असाच समज. बहुतेक रुग्ण कुणाला त्रास देत नाहीत. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णालाच बहुधा दगड आणि शिव्या खाव्या लागतात. अशा रुग्णांना उचलून, उपचार देऊन त्यांच्या घरी पोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था करते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. वाटवानींना त्याच कामासाठी मिळाला. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेली माणसे बरी होऊन स्वतःच्या गावाचे नाव सांगतात, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

'बाहेरचं' आणि आतलं

घरातली म्हातारी दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागली, रात्री उठून कुणाला तरी हाका मारू लागली, की 'बाहेरचं झालं' म्हणून अंगारा लावला जातो किंवा 'वेड लागलं' म्हणून खोलीत बसवले जाते. हे दोन्ही धोक्याचे. वयस्कर माणसात अचानक असे झाले तर रक्तातले सोडियम उतरणे, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर कमी होणे, मेंदूतला रक्तस्राव अशी कारणे असू शकतात. तातडीने रुग्णालयात आणले तर यातले बरेच जण पूर्ववत होतात. थायरॉइडचा किंवा बी-१२ जीवनसत्त्वाचा अभावही मनावर परिणाम करतो. मन आणि शरीर यांच्यात आपण घातलेली भिंत आजाराला ठाऊक नसते.

देवस्थानावर श्रद्धा ठेवण्याला कुणा डॉक्टरची हरकत असू नये. हरकत आहे ती साखळीला, चटक्यांना आणि वाया जाणाऱ्या दिवसांना. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. आतल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा जीव गेला. आज मनोरुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात वेगळा मार्ग निघाला. तिथे 'दवा आणि दुआ' एकत्र दिली जाते. दर्ग्याचे लोकच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडचे भगत, देवऋषी आणि पुजारी यांनी एवढे केले तरी कितीतरी घरे वाचतील.

काय करावे?

घरातल्या कुणाचे बोलणे, झोप, जेवण, कामातले लक्ष यांत बदल होऊन दोन आठवडे उलटले, तर वाट पाहू नका. 'तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय' असे म्हणून कुणी दवाखान्यात येत नाही. 'तुला झोप नाही, त्यासाठी दाखवून येऊ' म्हटले तर येतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि तो इतर ओपीडीसारखाच केसपेपर काढून दाखवायचा असतो. प्रवास जमत नसेल तर केंद्र शासनाची टेलिमानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. आरोग्य विमा काढला असेल तर हेही लक्षात ठेवा की शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे.

आणि शेजारच्या घरात असा आजार असल्याचे कळले, तर मधुमेही माणसाला विचारतो तेवढ्याच सहजपणे विचारा, 'गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?' त्या घराला तेवढाही आधार पुष्कळ असतो.